आबांचा कान

मृणालिनीनं रश्मीच्या डब्यातला ठेचा बोटावर घेतला, चाटला आणि डोळे मिटून "आई गं" म्हणाली. एवढंच झालं. मुलुंडच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या त्या गाळ्यात, कामाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून चौघं जेवायला बसली होती, आणि माधुरीचा हात स्वतःच्या डब्यावर तसाच थांबला. तिच्या डब्यात दुधी होता. बिनलसणाचा, बिनतिखटाचा, जिरं आणि किंचित गूळ घातलेला. कारण मृणालला ॲसिडिटी आहे, कॉलेजपासून आहे, आणि मृणालच्या वाट्याचं म्हणून माधुरीच्या घरात भाजीला वर्षानुवर्षं तिखट लागलेलं नाही. आबा होते तेव्हा कुरकुरायचे, "जेवते तुझी मैत्रीण, आणि तोंड अळणी आमचं." आणि आज ही बाई लाल मिरचीचा, लसूण ठेचून घातलेला ठेचा चाटते आणि वर म्हणते, "रश्मी, उद्या जरा जास्त आण गं." रश्मी हसली. "मॅडम, रात्री त्रास झाला तर मला शिव्या द्याल." "त्रास झाला तर माधुरी आहे ना! तिच्या पर्समध्ये गोळ्या असतात," मृणाल म्हणाली आणि सगळे हसले. साचे घासायच्या मशीनवर बसणारा चंद्रप्रकाशसुद्धा हसला, जो एरवी हसायला पैसे पडतात असा वागतो. माधुरीही हसली. पर्समध्ये गोळ्या होत्याच. तिनं डब्याचं झाकण लावलं आणि ती हात धुवायला उठली.

मत्सर हा शब्द तिनं स्वतःशी पहिल्यांदा उच्चारला तो तिथं, बेसिनपाशी. आतापर्यंत त्याला ती दुसरंच काहीबाही म्हणत आली होती: कंटाळा, दमणूक, वयाचा भाग. आता साबणाचा हात नळाखाली धरून तिनं स्वतःची झडतीच घेतली. रश्मीच्या टेबलावर बुद्धाची लहानशी मूर्ती असते, ती दर दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जाते. आपल्याला ते तर टोचत नाही ना? तसं असतं तर लाज वाटली असती, आणि लाजेखाली ते दाबून टाकता आलं असतं. नाही, ते नव्हतं. किंवा असलंच तर फार तळाशी, आणि तिथवर हात घालायची तिची हिंमत नव्हती. वर तरंगत होतं ते निराळंच. मृणालनं डोळे मिटले होते. तिच्या दुधीनं मृणालचे डोळे कधी मिटले नव्हते. इतकी वर्षं आपण हिला जपलं, पथ्यावर ठेवलं, आणि हिला हवा होता तो ठेचा! मृणालला नवरा आहे, अमेरिकेत मुलगा आहे, घाटकोपरला सासरचा मोठा गोतावळा आहे. माधुरीला मृणाल आहे. हे काही आज कळलं असं नाही, पण आज ते नळाच्या पाण्याखाली स्वच्छ दिसलं आणि तिला स्वतःचा राग आला, मग मृणालचा आला, आणि शेवटी, जाऊन जाऊन, रश्मीचा आला.

गाळ्यात कानांचे साचे बनतात. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्या यंत्राचा जो भाग कानात बसतो तो ज्याच्या त्याच्या कानाबरहुकूम करावा लागतो, कारण दोन माणसांचे कान सारखे नसतात, एकाच माणसाचे दोन्ही नसतात. कानात गुलाबी पेस्ट भरून माप घ्यायचं, ते माप स्कॅनरवर फिरवायचं, की पडद्यावर तो कान आतल्या वळणांसकट उभा राहतो. मापं घ्यायचं काम मृणालचं. ती त्यातली डिग्रीवाली. हजारो माणसांचे कान असे सर्व्हरमध्ये साठलेले आहेत आणि त्यातला पहिला माधुरीच्या वडिलांचा, आबांचा. आबा म्हणजे मृणालचे पहिले पेशंट. कॉलेजात असताना ती यायची, त्यांच्या कानाशी घंट्या वाजवायची, आणि माधुरीला दटावायची, "पुटपुटू नकोस गं. त्यांच्या समोर ये, मोठ्यानं बोल. पहिल्यांदाच नीट बोललीस तर दुसऱ्यांदा बोलावं लागणार नाही." पण माधुरीचा आवाज मुळातच पडेल, आणि आबांचं ठरलेलं, "काय?" जन्मभर तिनं प्रत्येक गोष्ट दोनदा सांगितली. जेवायला चला, काय, जेवायला चला. स्कॅनर आला त्या दिवशी मृणालनं आबांनाच खुर्चीत बसवलं होतं. आबा गेले तरी त्यांचा कान राहिला. आत शिरल्यावर वाट एकदम उजवीकडे वळते आणि वळणावर लहानपणच्या गळवाचा उंचवटा आहे. कोणी डॉक्टर गाळा बघायला आले की मृणाल म्हणायची, "माधुरी, आबांना बोलाव," आणि माधुरी तो कान पडद्यावर आणायची, सावकाश फिरवायची, आणि मृणाल पाहुण्यांना सगळं समजावून सांगत असताना स्वतः नुसती त्या वळणाकडे बघत राहायची.

सर्व्हरचा सगळा कारभार तेव्हा तिचाच होता. दोघींनी मिळून गाळा घेतला तेव्हा मृणालकडे डिग्री होती आणि माधुरीकडे वेळ. कॉम्प्युटर ती विचारून, चुकून, रडून शिकली. रोज संध्याकाळी सगळ्या कानांची प्रत बाहेरच्या एका डिस्कवर उतरायची, आणि दर शुक्रवारी ती दुसरी डिस्क स्टीलच्या डब्यात घालून घरी न्यायची आणि कपाटात ठेवणीतल्या साड्यांखाली ठेवायची. गाळ्याला आग लागो, पाणी भरो, कान सुखरूप. पूर्वेला घरी जाताना रिक्षात ती पिशवी मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसायची. मग गेल्या वर्षी ओळखीतल्या एका लॅबचे कॉम्प्युटर कोणीतरी कुठूनतरी कुलूपबंद करून खंडणी मागितली आणि मृणालची झोप उडाली. महिन्याभरात रश्मी आली. "तुझाच भार हलका होईल," मृणाल म्हणाली होती. दिंडोशीला राहणारी, पस्तिशीची, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. पहिल्याच आठवड्यात तिनं विचारलं, "ताई, ह्या प्रतीतनं एखादा कान परत आणून बघितलाय कधी?" माधुरीला प्रश्नच कळेना. प्रत झाली असं मशीन सांगतं, हिरवी खूण येते, मग बघायचं काय? "ती खूण मशीन स्वतःच स्वतःला देतं ना ताई. परीक्षा देणाऱ्यानंच पेपर तपासला तर सगळेच पास." तिनं साड्यांखालची डिस्क मागवून घेतली, एकेक करत कान परत आणले. सगळे आले. "झकास काम केलंय ताई तुम्ही," रश्मी अगदी मनापासून म्हणाली. नापास केलं असतं तर माधुरीनं तिला कदाचित माफ केलं असतं. पण ही परवा आलेली पोरगी आपल्याला शाबासकी देते आणि मृणाल शेजारी उभी राहून मान डोलावते, हे काही घशाखाली उतरलं नाही. मग नवा सर्व्हर आला. पेशंटांची मापं इंटरनेटवर जायला मृणालचा विरोध, म्हणून रोजची प्रत त्या डिस्कवरच, पण आपोआप. सकाळी सगळ्यांच्या फोनवर हिरवी खूण. महिन्याच्या पहिल्या शनिवारी परीक्षा, म्हणजे प्रतीतून एक कान परत आणून दाखवायचा, आणि ती पार पडली की त्या डिस्कची आणखी एक प्रत बँकेच्या लॉकरमध्ये. माधुरीकडे ऑर्डरी राहिल्या, कुरिअर राहिलं, आणि पर्समधल्या गोळ्या.

ठेच्याच्या त्या दिवशी संध्याकाळी ती सर्व्हरच्या केबिनमध्ये गेली. काम काहीच नव्हतं. सवयीनं तिनं डिस्कवर तळवा ठेवला. प्रत उतरत असताना डिस्क कोमट होते, आत काहीतरी बारीक धडधडतं, वरचा निळा दिवा लुकलुकतो. पूर्वी रोज ती असा हात ठेवून उभी राहायची, आजारी माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा. डिस्क गार होती. दिवा लागलेला होता, पण स्थिर. शेजारी सर्व्हर घरघरत होता आणि पडद्यावर प्रत उतरत असल्याची रेघ पुढे सरकत होती. माधुरी बघत राहिली. डिस्कवर अजून हळदकुंकू होतं, कडेला झेंडूची एक पाकळी चिकटून वाळली होती. खंडेनवमी. दरवर्षी त्या दिवशी गाळ्यातली हत्यारं पाटावर मांडतात, घासायची यंत्रं, कोरण्या, स्कॅनर, आणि डिस्कसुद्धा. ती प्रथा माधुरीनंच पाडलेली. पूजेला ठेवलेलं हत्यार दसरा होईस्तोवर वापरायचं नाही. रश्मी नागपूरला जाण्याआधी सांगून गेली होती, "पूजा जोरात करा, फक्त सर्व्हर बंद करू नका हां." कोणीही सर्व्हर बंद केला नाही. चंद्रप्रकाशनं डिस्क तेवढी काढली, पुसली, पाटावर ठेवली, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा लावली. दिवा लागला, सगळ्यांचं समाधान झालं. पूर्वी दसऱ्यानंतर माधुरी सगळी यंत्रं एकामागून एक स्वतः सुरू करायची, त्यामुळे सुरू होता होता सर्व्हर डिस्कला ओळखून घ्यायचा. ह्या वर्षी तो बंदच झाला नव्हता. डिस्क निघाली तेव्हा त्यानं तिचं नाव पुसलं, परत आली तेव्हा त्याला कोणी सांगितलं नाही. पण प्रत ठेवायचा कप्पा त्याच नावानं त्याच्या स्वतःच्या पोटातही होता, आणि तो इमानेइतबारे तिथंच प्रत उतरवत होता. घराची दुसरी किल्ली त्याच घरात ठेवून दार ओढून घ्यावं तसं. सर्व्हर गेला तर दोन्ही जाणार. सकाळी मात्र हिरवी खूण.

हे सगळं तिच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही, आणि ध्यानात आल्यावर तिला जे वाटलं त्याचं तिलाच नवल वाटलं. तिला आनंद झाला. छातीत ऊबदार, गोडसर काहीतरी पसरत गेलं. रश्मीची डिस्क गार आहे, आणि रश्मीला ते माहीत नाही, कारण रश्मी डिस्कला हात लावत नाही, ती फोनवर खूण बघते. बाहेर रश्मी आणि मृणाल कसल्याशा व्हिडिओवर हसत होत्या. "ताई, येताय का? मॅडमना कुत्र्याचा व्हिडिओ दाखवतेय," रश्मीनं हाक मारली. आता सांगावं, माधुरीच्या मनात आलं, एका वाक्याचं काम आहे. "ऑर्डरी आटपते," ती म्हणाली. तेव्हा तिनं गप्प राहायचं ठरवलं असं नाही. उद्या सांगू असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी रश्मीनं खरंच जास्त ठेचा आणला, छोट्या बरणीत भरून, आणि झाकणावर चिकटपट्टी लावून तिच्यावर लिहिलं होतं: मॅडम.

मग उद्याचे परवा होत गेले. दर सकाळी फोन वाजायचा, हिरवी खूण यायची, आणि माधुरी ती बघून आधी चहा ठेवायची. सुरुवातीला मजा आली. रश्मी काही समजावून सांगू लागली की माधुरी गुणी विद्यार्थिनीसारखी ऐकायची आणि आत म्हणायची, बोल बाई, बोल. मृणाल रश्मीचं कौतुक करायची तेव्हा तर तिला जवळजवळ दया यायची, दोघींचीही. पण मजा फार दिवस टिकली नाही. वीज लपलपली की ती उठून सर्व्हरचा दिवा बघून यायची. सर्व्हरच्या पंख्याचा आवाज बदलला असं वाटून ती ऑर्डरी लिहिता लिहिता मान वर करायची. रस्त्यात माणसांचे कान दिसू लागले, भाजीवालीचे, लिफ्टमधल्या जोशी आजोबांचे, कुणाचे बाहेर आलेले, कुणाचे डोक्याला चिकटलेले, आणि प्रत्येक कानाच्या आत एक वाट आहे आणि ती दुसऱ्या कुठल्या वाटेसारखी नाही हे तिला नको असताना आठवत राहायचं. सर्व्हर बंद पडावा असं तिला वाटत होतं का? एकदा, रिक्षात, वाटलं होतं. तो बंद पडलाय, मृणाल पांढरीफटक पडलीय, रश्मी रडतेय, आणि मृणाल म्हणतेय, "माधुरी, तू असतीस तर." चित्र इतकं छान होतं की रिक्षावाल्याला वळायचं सांगायचं राहून गेलं.

दिवाळीच्या आधी शौनक आला. घाटकोपरचा, पाच वर्षांचा, एका कानाचं नुकतंच ऑपरेशन झालेला. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, माप एकदाच घ्या, पुढचे सहा महिने त्या कानाला हात लावायचा नाही. पोरगं पेस्ट बघूनच किंचाळायला लागलं. आईनं धरलं, रश्मीनं धरलं, शेवटी माधुरी त्याच्यासमोर उकिडवी बसली आणि त्यानं तिची दोन बोटं मुठीत घट्ट पकडली. मृणालनं श्वास रोखून माप घेतलं. ते घेईस्तोवर त्या पोरानं बोटं सोडली नाहीत, आणि नंतरही लगेच सोडली नाहीत. संध्याकाळी पडद्यावर तो कान फिरला, लहानसा, नाजूक, ऑपरेशनची कड दिसणारा, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "आला एकदाचा सर्व्हरमध्ये, आता काळजी नाही," मृणाल म्हणाली. माधुरीनं आपल्या बोटांकडे पाहिलं. सांग, तिनं स्वतःला म्हटलं, आता तरी सांग. मृणाल रश्मीच्या पाठीवर थाप मारत होती. "काय धरलंस गं त्याला, मी तर घाबरले होते!" त्याची मूठ कुणाच्या बोटांवर होती हे मृणालनं पाहिलंच नाही, माधुरीला वाटलं. ती ऑर्डरींच्या वहीकडे वळली.

सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी सगळे मिठाई वाटत होते तेव्हा ती सर्व्हरपाशी बसली आणि एका पेन ड्राइव्हवर एक कान उतरवून घेतला. आबांचा. वास्तविक त्याची काही गरज नव्हती. आबांचा जुना कान डिस्कवर होता, लॉकरमध्येही होता, जे नव्हतं ते दसऱ्यानंतरचं. हे तिला पक्कं ठाऊक होतं आणि तरी तिनं तो घेतला. पेन ड्राइव्ह गोळ्यांच्या पाकिटाशेजारी पर्समध्ये टाकताना तिला जाणवलं की आग लागलेल्या घरातून आपण आपलंच तेवढं गाठोडं घेऊन बाहेर पडलोय, आणि कोणालाही हाक मारलेली नाही. लक्ष्मीपूजनाला तिनं आबांच्या फोटोपुढे दिवा लावला आणि पुटपुटली, "आबा, मी वाईट वागतेय." फोटोतले आबा नेहमीसारखे, ऐकू न आल्यासारखे बघत होते. खालच्या मजल्यावर कोणीतरी लवंगी फटाक्यांची माळ लावली होती. तिनं पुन्हा काही म्हटलं नाही.

दसऱ्याच्या गडबडीत राहून गेलेली परीक्षा अखेर दिवाळीनंतरच्या पहिल्या शनिवारी आली. रश्मीनं लॅपटॉप मोठ्या पडद्याला जोडला, मृणाल चहाचा कप घेऊन खुर्ची ओढून बसली, चंद्रप्रकाश हाताची भुकटी झटकत दारात उभा राहिला. हा कार्यक्रम मृणालला आवडायचा. "चला," रश्मी म्हणाली, "समजा, सर्व्हर गेला. पूर्ण वाट लागली. आता थेट डिस्कवरच्या प्रतीतनं एक कान आणायचा. कोणाचा ते मी नाही ठरवणार, मी सोपा निवडेन. ताई, सांगा तुम्ही." दर महिन्याला ती असंच विचारायची, आणि दर महिन्याला माधुरी म्हणायची, आबांचा. आणि आबा यायचे. आताही सगळ्यांची नजर आधीच पडद्यावर होती, चंद्रप्रकाश तर अर्धा वळलासुद्धा होता. माधुरीला काल झोप लागली नव्हती. तिच्यापुढे दोन वाटा होत्या. आबांचा म्हणावं, तो येईल, सगळे टाळ्या वाजवतील आणि डिस्क गार राहील. नाहीतर रश्मीला बाजूला घेऊन, कोणाला न कळता, सांगावं, आणि त्याला अजूनही उशीर झाला नव्हता. तिनं मृणालकडे पाहिलं. मृणालच्या कपाशेजारी ती बरणी होती, झाकणावर चिकटपट्टी असलेली, धुऊन परत द्यायला आणलेली.

"शौनकचा," माधुरी म्हणाली. आवाज एरवीसारखा पडलेला नव्हता, चांगला खणखणीत आला.

रश्मीनं नाव टाकलं. पडद्यावर काही आलं नाही. तिनं पुन्हा टाकलं, मग तारखेनं शोधलं, मग नुसतीच यादी वर-खाली केली. दसऱ्याच्या आधीचा शेवटचा कान, आणि त्यापुढे काही नाही. रश्मीच्या कपाळावर घाम आलेला माधुरीला दिसला आणि छातीत ते ऊबदार, गोडसर पुन्हा पसरायला लागलं. रश्मी उठली, केबिनमध्ये गेली, तिनं डिस्कवर हात ठेवला. "गार आहे," ती आतून म्हणाली. मग बराच वेळ कळा दाबल्याचा आवाज. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. "मॅडम, दसऱ्यापासून एकही प्रत डिस्कवर गेली नाहीये. सर्व्हरच्याच पोटात जातेय सगळं."

"मी लावली होती ना परत!" चंद्रप्रकाश ओरडला. "लाईट पण लागली होती. माझ्यावर नका टाकू हां."

"तुमची काही चूक नाही, दादा. डिस्क जागेवर नसेल तर थांब आणि बोंब मार, असं मी त्याला शिकवायला पाहिजे होतं. मी नाही शिकवलं." ती मृणालकडे वळली. "आणि दुसरी चूकही माझीच. दर महिन्याला मी एकच जुना कान परत आणून खूश होत होते. जुना येणारच. ताईंना आबांचा कान दिसला की त्यांचा चेहरा खुलतो, म्हणून मी दुसरा मागा असं कधी म्हटलंच नाही."

माधुरी मृणालच्या चेहऱ्याची वाट बघत होती. इतके दिवस ह्याच चेहऱ्यासाठी ती गप्प राहिली होती. मृणाल उठली, रश्मीजवळ गेली आणि तिनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "वेडी का तू? सर्व्हर चालू आहे ना? सगळे कान आहेत ना? मग सापडलं म्हणायचं. हे सापडावं म्हणून तर तुला आणलंय."

"मला कुठं सापडलं मॅडम? ताईंना सापडलं." रश्मीनं येऊन माधुरीचे दोन्ही हात धरले. "थँक यू ताई. तुम्ही आज नेमका नवा कान मागितलात. नाहीतर मी अशीच आबांना नाचवत बसले असते." तिचे तळवे घामानं ओले होते आणि त्यावर डिस्कवरचं कुंकू लागलं होतं. ती लगबगीनं केबिनमध्ये गेली, चंद्रप्रकाश तिच्यामागे जाऊन डिस्कची वायर उगाच दाबून बघू लागला, आणि बाहेर दोघीच उरल्या. माधुरीनं हातांकडे पाहिलं. कुंकू तिच्या हातांना लागलं होतं. पदरानं पुसावं का नाही हे तिला ठरवता येईना.

मृणालनं चहाचा घोट घेतला. तो गार झाला होता. तिनं कप खाली ठेवला. जन्मभर तिनं हेच काम केलं होतं, माणसांसमोर बसून त्यांना काय ऐकू येतं आणि काय येत नाही ते त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखायचं. "मला वाटलं तू आबांनाच बोलावशील," ती म्हणाली.

माधुरीनं तळवे पदराखाली घेतले.

"आबा आले असते, म्हणून नाही बोलावलंस ना?" मृणालचा आवाज मुळीच चढला नव्हता. "कधीपासून माहीत होतं तुला?"

"तू ठेचा खाल्लास त्या दिवसापासून."

"कुठला ठेचा?" मृणालनं विचारलं, आणि ती खरंच आठवत होती. तिच्या कपाळाला आठी पडली, नजर बरणीवरून गेली आणि तिथं थांबलीसुद्धा नाही. तिला काही आठवलं नाही. माधुरीला वाटलं, आता हसू येईल, पण आलं ते रडू. इतके आठवडे, इतक्या हिरव्या खुणा, आणि ज्या गोष्टीपासून हे सगळं सुरू झालं ती घडलेली फक्त तिला एकटीला माहीत होती. मृणालच्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं. तिथं राग नव्हता. परक्या माणसाकडे बघावं तशी ती बघत होती, हिच्या कानाचं माप आपण घेतलंय की नाही हे आठवत असल्यासारखी. "त्या पोराचा कान, माधुरी," ती शेवटी म्हणाली. "तुझी बोटं धरली होती त्यानं. मी बघितलं होतं."

"ताई!" आतून रश्मीची हाक आली. "डिस्क कोमट व्हायला लागली! या, बघा हात लावून!"

"जा," मृणाल म्हणाली. "सांग तिला."

माधुरी उठली. केबिनच्या दारात थांबली. रश्मी डिस्कवर तळवा ठेवून उभी होती, अगदी ती स्वतः उभी राहायची तशी, आणि निळा दिवा लुकलुकत होता. एसीचा आवाज होता, सर्व्हरची घरघर होती, चंद्रप्रकाश खुर्ची सरकवत होता. "मला माहीत होतं," माधुरी म्हणाली.

रश्मीनं हसऱ्या चेहऱ्यानं वळून पाहिलं. "काय?"

मागून, खुर्चीतून न उठता, मृणाल म्हणाली, "पुटपुटू नकोस. मोठ्यानं बोल."

माधुरीनं पर्सचा बंद घट्ट धरला, रश्मीच्या समोर जाऊन उभी राहिली आणि दुसऱ्यांदा बोलली.